मामांचं नाक आणि मामांची सॅक

हिंदुस्थानातल्या प्रत्येक रेल्वे स्टेशनच्या पाण्याबद्दल ज्याचं स्वतंत्र मत आहे आणि ते मत वाईट आहे, असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. लोक स्टेशनं लक्षात ठेवतात ती तिथल्या वड्यावरून, चहावरून, फार तर तिथं चुकलेल्या गाडीवरून. मामा ती नळावरून लक्षात ठेवतात. गाडी एखाद्या जंक्शनात शिरली आणि डब्यातले उतारू बाटल्या घेऊन धावले, की मामा खिडकीशी बसून हळहळतात. "जड पाणी आहे रे इथलं. डाळ शिजत नाही त्यात. पोटात गेल्यावर काय शिजवणार आहेत हे लोक?" असं मला विचारतात, जणू त्या जंक्शनला पाणीपुरवठा मीच करतो. शेजारच्या प्रवाशाने नुकतीच भरून आणलेली बाटली तोंडाला लावलेली असते. तो थबकतो, बाटलीकडे बघतो, मामांकडे बघतो आणि मग उरलेला सगळा प्रवास तहानलेला करतो.

मामा इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. उसाच्या रसाचे नमुने तपासायचे, हे काम. पण त्यांच्या हाताखालची माणसं सांगत, की प्रयोगशाळेतलं खरं यंत्र म्हणजे साहेबांचं नाक. रस आंबट व्हायला लागला, की काचेच्या नळ्यांना कळायच्या आधी मामांच्या नाकपुड्यांना कळे. ते नाक त्यांनी निवृत्तीच्या वेळी कारखान्यात ठेवून यायला हवं होतं, असं मामींचं म्हणणं आहे. कारण ते नाक घरी आलं आणि सांगलीच्या त्या घरात सकाळचं दूध संध्याकाळी हुंगल्याशिवाय चहात पडेनासं झालं. कोथिंबीर हुंगायची, लोणी हुंगायचं, शेजाऱ्यांनी दिलेला सत्यनारायणाचा प्रसादसुद्धा आधी हुंगायचा आणि मग डोळे मिटून भक्तिभावाने खायचा. मामी म्हणतात, "लग्नात मला हार घालताना ह्यांनी आधी हार हुंगला होता. मला वाटलं, किती रसिक माणूस मिळालाय!"

निवृत्त झाल्यावर सांगलीतली चारचौघांसारखी माणसं कृष्णेच्या घाटावर फिरायला जातात, देवळाच्या कट्ट्यावर बसून राजकारण सुधारतात, नाही तर गुडघ्यांना तेल लावतात. मामांनी पुण्याला जाऊन एक सॅक आणली. पाठीवर घेतली की डोक्याच्या वर वीतभर येणारी, पोटावरून पट्टा, छातीवरून पट्टा आणि इतके कप्पे की त्यातले निम्मे मामींना अजून सापडलेले नाहीत. पहिल्या दिवशी ती पाठीला लावून मामा अख्ख्या कॉलनीतून एक चक्कर मारून आले, तेव्हा समोरच्या काकूंनी मामींना हळूच विचारलं, "भांडण झालं का हो?" तेव्हापासून दर वर्षी मे महिन्यात मामा ती सॅक उचलतात आणि दक्षिणेला निघतात. भर उन्हाळ्यात, तेही आंध्र, तमिळनाडू, केरळ! असं का, तर सगळं शहाणं जग मे महिन्यात तिकडे जात नाही, म्हणून गाडीत जागा मिळते. त्यांच्या या उत्तरात चूक काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला आहे आणि मला ती सापडलेली नाही.

उन्हाळ्याच्या देशात फिरून धडधाकट परत यायचं म्हणजे शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राचे आद्य प्रवर्तक आपणच, यात मामांना शंका नाही. पाणी उकळलेलं. फळ सोलता येईल तेच. माथ्यावर सूर्य असताना पाय सावलीत. चहा कुठलाही चालेल, कारण तो त्यांच्या डोळ्यांदेखत उकळलेला असतो, पण कप ते स्वतःचा देणार. साखर-मिठाचं पाणी तर विचारायलाच नको. साखरेच्या कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाने ते अंदाजपंचे कसं करावं? त्यांचं प्रमाण ठरलेलं आहे: खारटपणा डोळ्यांतल्या पाण्याएवढा, त्याच्यापुढे एक कणही नको. "पण ती चव आठवायची कशी?" मी एकदा विचारलं. स्वयंपाकघरातून मामींचा आवाज आला, "मला दाखवत जा, मी सांगत जाईन. लग्न झाल्यापासून चव पाठ आहे." मामा त्यावर गंभीरपणे म्हणाले, "बघ, प्रत्येक घरात असा एक माणूस लागतो."

खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, ही आपल्याकडच्या बायाबापड्यांची समजूत. मामा शास्त्राचे पदवीधर. कांद्यावर त्यांचा तिळमात्र विश्वास नाही. पण कांदा खिशात असतोच. "कांदा काही करत नाही," असं ते ठणकावून सांगतात, "पण चालताना मांडीला लागत राहतो, आणि लागला की आठवतं, सावलीतनं चालायचंय." आणि सगळ्यात भयंकर म्हणजे त्यांची चौकशी. अंगातलं पाणी कमी झालं की लघवीचा रंग गडद होतो, हे खरं आहे, डॉक्टरही सांगतात. पण डॉक्टर ते दार लावून सांगतात. मामा देवळाच्या रांगेत, चार बायका पुढे आणि सहा मागे असताना, लांबून हात वर करून मला विचारतात, "रंग काय?" मी मान खाली घालतो. "फिकट ना? मग हरकत नाही!" असा निर्वाळा सगळ्या रांगेला ऐकू जातो.

अधूनमधून चार-आठ दिवस मीही त्यांच्याबरोबर असतो. तसंच एकदा एका मोठ्या देवस्थानाच्या स्टेशनवर दोन परदेशी तरुण पोरं, एक मुलगा आणि एक मुलगी, आमच्यासारख्याच सॅका टाकून बसली होती. मुलीचा चेहरा पांढराफटक. हातात बर्फ घातलेला उसाचा रस. मामांना ते बघवेना, आपला रस आणि त्यात बर्फ! ते उठून तिच्यापुढे उभे राहिले आणि आपल्या कारखानी इंग्रजीत म्हणाले, "आय, शुगर फॅक्टरी. ज्यूस, फ्रेंड. आइस, एनिमी!" त्या पोरांना वाटलं, हा गृहस्थ काहीतरी विकतोय. मुलगा "नो, थँक यू" म्हणत राहिला. पण मामांनी तोवर सॅकच्या कुठल्याशा कप्प्यातून साखर, मीठ, उकळलेलं पाणी आणि पितळी भांडं बाहेर काढलं होतं. तिथेच मांडी घालून त्यांनी ते पाणी केलं, एक थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटून मनातल्या मनात कुठलं तरी रडणं आठवलं आणि भांडं मुलीपुढे धरलं. नवलाची गोष्ट म्हणजे ती प्याली. गाडी यायच्या वेळेपर्यंत तिला तरतरी आली, आणि निघताना, आपल्या देशात आभार असेच मानतात असं तिनं कुठंतरी वाचलं असणार, तिनं वाकून मामांच्या पायांना हात लावला. मामा इतके लाजले की पुढचे दोन तास त्यांनी कुणाच्याही पाण्याबद्दल काही म्हटलं नाही.

आता प्रश्न असा, की ज्या माणसाला हॉटेलच्या अन्नाकडे बघूनसुद्धा मळमळतं तो महिनाभर दक्षिणेत जेवतो कुठं? याचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्या विटा गावात आहे. विटा आणि त्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. गलाई म्हणतात त्या धंद्याला. कुठल्याही शहरात जा, सराफ बाजाराच्या मागच्या बोळात एक भट्टी असते आणि भट्टीपुढे घाम पुसत आपल्याकडचा माणूस असतो. मामांना हा शोध पहिल्याच प्रवासात लागला. कुठल्याशा शहरात वाट चुकलेले, भाषेचा गंध नाही, उपाशी, आणि अचानक एका काळोख्या दुकानातून आवाज आला, "आरं गड्या, पंखा बंद कर की रं तेवडा, भट्टीतला इस्तू इझतोय न्हवं!" मामा सांगतात, आपल्याच भाषेतलं ते खेकसणं त्यांना अभंगासारखं गोड लागलं. ते दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "मी सांगलीचा." बास. त्या रात्री त्यांना जेवायला ज्वारीची भाकरी मिळाली. तेव्हापासून मामांचा प्रवासाचा नकाशा म्हणजे गलाईवाल्यांच्या घरांचा नकाशा.

आणि पाहुणचार फुकट घ्यायचा नाही, हाही मामांचा नियमच. दर वर्षी निघायच्या आधी ते एसटीने विट्याकडे जातात आणि गावोगावच्या घरांतून तिकडच्या माणसांसाठी सामान गोळा करतात. ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, सांडगे, नातवाला टोपडं, लेकीला लुगडं. एका आईने तर लेकीसाठी वरवंटा पाठवला, कारण "तिकडचा दगुड बरा न्हाई, चटणी वाटंना झालीया." मामांनी तो वरवंटा पाठीवरून थेट केरळात नेला. सॅकमध्ये त्यांचे स्वतःचे म्हणून दोन शर्ट, एक लुंगी आणि औषधांची पिशवी. बाकी सगळं दुसऱ्यांचं. "माझा नवरा फिरायला जात नाही," मामी म्हणतात, "लोकांची पार्सलं पोचवायला जातो, आणि भाडं स्वतः भरतो." पण हे बोलताना त्या स्वतः लसणाच्या चटणीचा एक डबा कोपऱ्यात खुपसत असतात.

तमिळनाडूतल्या समुद्रकाठच्या एका गावात आक्का राहतात. गलाईचं दुकान मुलाचं, आक्का त्याची आई. वय ऐंशीच्या आसपास, गुडघे गेलेले, गावाकडं जाणं होत नाही. मामा त्यांच्या माहेरच्या घरी जाऊन भावजयीकडून पीठ घेऊन येतात, म्हणून आक्कांनी ठरवून टाकलं, की हा आपला भाऊ. आता भाऊ वर्षातून एकदा बहिणीच्या घरी यायचा म्हणजे पुरणपोळी आणि कटाची आमटी ही झालीच पाहिजे. मामांच्या सगळ्या प्रवासात या एका जेवणाची त्यांना सगळ्यात ओढ. सांगलीत बसल्या बसल्या जानेवारीपासून ते आक्कांच्या आमटीच्या गोष्टी काढायचे, आणि मामी पोळ्या लाटताना लाटणं जरा जोरात आपटायच्या.

गेल्या थंडीत मामा आजारी पडले. घरीच, काही न करता. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की मूत्रपिंडं थकली आहेत. पथ्याने राहिलात तर काळजी नाही, पण अंगातलं पाणी एकदम कमी होता कामा नये, जुलाब-उलट्या महागात पडतील. झालं. एप्रिलमध्ये मामांनी सॅक झटकायला घेतली आणि घरात महाभारत सुरू झालं. मला साताऱ्याहून बोलावून घेण्यात आलं. शेवटी मामींनीच तोडगा काढला. "जा," त्या म्हणाल्या, "पण महिनाभर हा बरोबर राहील. आणि एकदा, फक्त एकदा जरी बाहेरचं बाधून दवाखान्याची पायरी चढलात, तर सॅक माळ्यावर. पुन्हा कधी खाली यायची नाही. द्या शब्द." मामांनी कांद्याचा हात पुसून शब्द दिला. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "इतक्या वर्षांत एक ढेकर आंबट आलेला नाही मला. तू उगाच रजा घालवतोयस." खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

आणि प्रवास तसाच झाला. मामांनी मला उकळलेल्या पाण्यावर, सोललेल्या केळ्यांवर आणि गावोगावच्या गलाईवाल्यांच्या भाकरीवर असं सांभाळलं, की माझं जुनं पित्त गेलं. आक्कांच्या गावी आम्ही गुरुवारी संध्याकाळी पोचणार होतो. मामांनी तसं कळवलं होतं. पण पुढे रुळांवर कसलंसं काम निघालं आणि गाडी रात्रभर एका जंक्शनात घाम गाळत उभी राहिली. आम्ही पोचलो ते शुक्रवारी दुपारी. त्यात सॅकमधल्या निलगिरी तेलाच्या बाटलीचं बूच सैल झालेलं. तो वास असा काही पसरला होता, की रिक्षावाला सबंध वाटेत शिंकत होता आणि मामांना तमिळमध्ये काहीतरी बोलत होता, ते आम्हाला कळलं नाही हे बरंच झालं.

दुकानाच्या मागेच आक्कांचं घर. सून पोरांना घेऊन गावच्या जत्रेला गेलेली, मुलगा पुढे भट्टीवर. आक्का दारातच बसल्या होत्या. "आवं भाऊ, किती वाट बगायची वं! कालधरनं डोळं लागल्यात रस्त्याकडं." त्यांनी माहेरच्या पिठाच्या ओढीने स्वतःच सॅक उघडली, वरचीच ती ओथंबलेली बाटली हातात घेतली आणि म्हणाल्या, "ह्ये काय, पाणी सांडलंय जणू बाटलीतलं," आणि पदराने पुसून ठेवून दिली. माझ्या डोळ्यांना त्या वासाने धार लागली होती. मामा पायातली चप्पल काढता काढता थांबले आणि आक्कांकडे बघत राहिले. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला भूक लागली होती.

पानं मांडली. पोळ्या सकाळच्या, ताज्या, मऊसूत. मग आक्कांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. "आमटी कालचीच हाय बगा. तुमी येनार म्हनून काल केली. पर कटाची आमटी शिळीच ग्वाड लागती, व्हय का न्हाई? आन् वास बगा कसा घमघमाट सुटलाय!" हे मात्र खरं आहे, आमच्याकडे कटाची आमटी मुद्दाम दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवतात, तिच्यावरून भांडणं होतात. पण विट्याची हवा कोरडी आणि हे गाव समुद्रकाठचं, मे महिन्यातलं, रात्रभर भिंतींना घाम फुटलेला. मामांनी वाटी उचलली. ती ओठांजवळ जायच्या आत त्यांच्या नाकपुड्या हलल्या. कारखान्यात जे नाक अख्खी टाकी फेकून द्यायला लावत असे, ते नाक. वाटी हवेत थांबली. मग आक्का मला वाढायला वळल्या आणि मामा म्हणाले, "त्याला नको आक्का. कटाच्या आमटीनं त्याला पित्त उठतं."

मी तोंड उघडलं. लहानपणी मी मामांच्याच घरी आमटीच्या वाट्यांवर वाट्या रिचवल्या आहेत, आणि त्या मोजून माझी चेष्टा करणारे हेच. पण मामांनी माझ्या पायावर पाय असा दाबून ठेवला की मी तोंड मिटलं. त्यांनी वाटी एका घोटात संपवली. दुसरी मागितली. आक्कांचा चेहरा असा फुलला म्हणता! "तुमी जेवा, मग मी बसते," त्या म्हणाल्या, "मीबी कालधरनं थांबलीया. आन् पोरालाबी घोटभर ठिवते." तेव्हा मामांनी पातेलंच आपल्याकडे ओढलं. "काही ठेवायची नाही. वर्षाची भूक आहे माझी. तुम्ही पोळी खा दुधाबरोबर, पोरालाही तीच द्या." आणि त्या माणसाने, ज्याने आयुष्यात कुणाची उष्टी बाटली तोंडाला लावली नाही, ते पातेलं तळापर्यंत पुसून खाल्लं. आक्का बघत होत्या आणि हसत होत्या. "माज्या भावाची भूक!" असं त्या तीन-तीनदा म्हणाल्या.

जेवण झाल्यावर मामा फार थांबले नाहीत. पुढे जायचंय, निरोप आलाय, असं काहीबाही सांगून त्यांनी सॅक पाठीला लावली. निघताना मात्र दारात उभं राहून त्यांनी आक्कांना आपला नेहमीचा पाठ दिला. "इथली हवा दमट आहे आक्का. आपल्याकडचं इथं चालत नाही. रात्रीचं काही सकाळी ठेवायचं नाही, आमटीसुद्धा नाही. माझी शपथ घ्या." "भाऊंचं पथ्य!" म्हणून आक्का हसल्या, पण शपथ घेतली. आम्ही दोन गल्ल्या पलीकडच्या लॉजवर गेलो. संध्याकाळ व्हायच्या आत मामांना उभं राहता येईना, आणि मी त्यांना हाताला धरून दवाखान्याची पायरी चढवली.

सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी जरा डोळे उघडल्यावर मी त्यांच्यावर तुटून पडलो. आंबलेली होती हे कळत होतं, तर खाल्ली कशाला? हातून सांडायची होती! मामा म्हणाले, "सांडली असती तर तिनं पुन्हा केली असती. त्या गुडघ्यांनी."

"मग सांगायचं सरळ."

"काय सांगायचं? निलगिरीची सबंध बाटली पदराला पुसली तिनं, साधी शिंक आली नाही. तिला वास येत नाही रे. कधीपासून, देव जाणे. आणि घरात कुणाला पत्ता नाही. उद्या कळलं, तर सून तिला गॅसजवळ जाऊ देईल का? बरोबरच आहे सुनेचं, पोरंबाळं आहेत घरात. पण मग दिवसभर ती करणार काय त्या परमुलखात? स्वयंपाक आहे म्हणून ती आहे."

"आणि तुमची सॅक?" मी विचारलं.

मामा वर टांगलेल्या बाटलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थेंब जरा जोरात पडतायत. सिस्टरना सांग."

सांगलीला आल्यावर त्यांनी मामींना सांगितलं, की एका स्टेशनवर वडा खाल्ला, तो बाधला. चूक झाली. मी साक्षीदार होतो आणि मला शपथ घातलेली होती, म्हणून मी मान हलवली. मामींनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्यासुद्धा नाहीत, आणि मला तेच जास्त लागलं. त्यांनी सॅक रिकामी केली, उन्हात घातली, निलगिरीचा वास जाईपर्यंत दोनदा धुतली आणि जुन्या चादरीत बांधली. माळ्यावर टाकायला स्टुलावर मला चढावं लागलं. मामा खालून स्टूल धरून उभे होते. "नीट ठेव," एवढंच म्हणाले, "पट्टे दुमडू नकोस."

पुढच्या आठवड्यात मी त्यांना बघायला गेलो होतो, तेव्हा आक्कांचा फोन आला. मामींनीच घेतला, आणि मामींना फोनवर कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन सगळ्या घराला ऐकू येईल असाच असतो. "वैनी, भाऊ पोचलं का नीट? लय गडबडीनं गेलं वं. मला वाटलं, रागावलं का काय. पर जेवलं बगा पोटभर. गाडीला उशीर झाल्याला, आमटी आदल्या दिसाची, पर थेंब ठिवला न्हाई भाऊंनी! मला बी घिऊ दिली न्हाई!" आक्का हसत होत्या. मामा खिडकीकडे तोंड करून बसले. मामी म्हणाल्या, "पोचले हो. अगदी नीट पोचले. तुमच्या आमटीचं नाव काढत असतात सारखे." मग आक्कांच्या गुडघ्यांची चौकशी केली, सून गावाहून कधी येणार ते विचारलं आणि फोन ठेवला.

मामी हातातली भाजी निवडत राहिल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "खोटं बोलायचं तर निदान वड्याचं नाव घ्यायचं नव्हतं. तुम्ही, आणि स्टेशनवरचा वडा! त्याच दिवशी कळलं मला, की काहीतरी वेगळं आहे." त्या पुढे म्हणाल्या, "दुधाचा वास रोज दोनदा घेणाऱ्या माणसाला आदल्या दिवसाच्या आमटीचा वास आला नाही, असं मी धरून चालू का?"

"तिला कळू देऊ नकोस," मामा म्हणाले.

"मी कशाला कळू देते?" मामींनी भाजीची परात बाजूला सारली आणि प्रथमच त्यांच्याकडे नीट बघितलं. "एक विचारते, खरं सांगा. पुढच्या वर्षी गेलात आणि तिनं पुन्हा तसंच काही वाढलं, तर?"

मामांकडे प्रत्येक गोष्टीला नियम आहे. पाण्याला आहे, फळाला आहे, उन्हाला आहे. त्यांनी परातीतली भाजीची एक काडी उचलून हुंगली. मला वाटलं, काहीतरी युक्ती निघेल, कुठला तरी कप्पा उघडेल. मी मनातल्या मनात त्यांना सांगत होतो, नाही म्हणा, नुसतं नाही म्हणा, मी आत्ता स्टूल आणतो.

"खाईन," मामा म्हणाले.

"म्हणूनच सॅक खाली येणार नाही," मामी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. उठताना त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आत चहा टाकायला गेल्या.

मामांनी नुसती मान हलवली. एरवी साध्या मिठाच्या चिमटीवरून तासभर वाद घालणाऱ्या माणसाला मामींचं म्हणणं असं एका झटक्यात पटलेलं मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.